पेसाहआधीचा ओटा: ठाण्यातल्या एका स्वयंपाकघराच्या नोंदी

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, ठाण्याचे. यंदा, म्हणजे २०२५ ला, पेसाह, म्हणजे गव्हासारख्या धान्याचं आंबलेलं, खमिराचं काही न खायचा आमचा आठ दिवसांचा सण, १२ एप्रिलच्या रात्री बसतोय आणि आत्या इस्राएलमधल्या अश्दोदहून तीन आठवड्यांसाठी येतेय. तिचं कोशेर, म्हणजे खाण्यापिण्याचे आमचे धर्मनियम, कडक. आमचं आजवर बेताचं होतं. डुक्कर नाही, कोळंबी-खेकडे नाहीत, मटणाला दही-तूप लावायचं नाही, रस्सा नारळाच्या दुधातला. पण दुधाचं पातेलं आणि मटणाचा टोप एकाच घासणीने घासला जायचा, हे आत्याला कोण सांगणार? बायको बँकेत, तिचं मार्चएण्ड, त्यामुळे काम माझ्या गळ्यात आलं. मुलगी अन्नतंत्रज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे तपासनीस दोन झाल्या: एक व्हॉट्सॅपवरून, एक घरातच. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी माझ्या चुकांवरून पुढे जावं, म्हणून लिहून ठेवतोय.

१४ मार्च, शुक्रवार

आज पुरीम हा आमचा सण आणि धुळवड एकाच दिवशी. आजी पुरीमला होळीचा सणच म्हणायची, त्यामुळे तिला यात काही नवल वाटलं नसतं. पुरणपोळ्या झाल्या. संध्याकाळी सगळी भांडी हॉलमध्ये मांडली. झाकणं धरून ६१ निघाली, त्यातली निम्मी आपण का ठेवलीत ते कोणालाच आठवेना.

चार ढीग केले: उकळून कोशेर होतील ती, विस्तवावर तापवावी लागतील ती, होणारच नाहीत ती, आणि पेसाहपुरती बांधून माळ्यावर जातील ती. होणारच नाहीत त्यांत दह्याचं मातीचं गाडगं, चिनी मातीचे बाउल आणि नॉनस्टिक तवा. गाडगं जे पितं ते सोडत नाही, असं आत्या म्हणते. मुलगी म्हणाली, छिद्रं असतात, बरोबरच आहे. तव्यावर पोळ्या भाजल्या जातात म्हणून तो सडकून तापवायला हवा, आणि तेवढ्या आचेला वरचा लेप टिकत नाही. बाईंना देऊन टाकला. पोळपाट-लाटणं सरळ माळ्यावर.

१६ मार्च, रविवार

पहिली उकळी. हिब्रूत या कामाला जो शब्द आहे तो मराठी कानाला बरा लागत नाही, म्हणून आमच्या घरी 'उकळी'च म्हणतात. नियम तीन: भांडं स्वच्छ असावं, चोवीस तास त्यात गरम काही झालेलं नसावं, आणि खळखळ उकळत्या पाण्यात ते पूर्ण बुडावं.

सकाळी सातला वीस लिटरचं पातेलं चढवलं. पाणी उकळायला पाऊण तास लागला. नऊ भांडी बुडवून झाल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, या मोठ्या पातेल्यात काल संध्याकाळी काय होतं?" काल शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपल्यावर पाहुण्यांसाठी त्यातच चहा झाला होता. चोवीस तास झालेच नव्हते. नऊच्या नऊ भांडी बाद. आता उद्यापर्यंत थांबायचं.

रिकामा वेळ मिळाला म्हणून कुकरच्या दांड्याचा स्क्रू सोडवला. आत्याने फोनवर तीनदा सांगितलं होतं, "दांडे काढ." मी दोनदा 'हो हो' केलं होतं. दांडा निघाला आणि खाली काळपट, चिकट, दोन मिलिमीटर जाड थर. नखाने खरवडला तर डाळीचा वास आला. हा कुकर आमच्याकडे अकरा वर्षं रोज घासला जातो, बाहेरून आरशासारखा आहे. मुलीने नाकाला रुमाल लावला आणि म्हणाली की उकळीच्याही आधी हे वहीत लिहा.

मग मी घरातला प्रत्येक स्क्रू सोडवला. सांडशीची खीळ सोडवता येईना, तिथे जुना टूथब्रश आणि सोडा. झाकणाच्या कडेची दुमड, झाऱ्याच्या दांड्याचा सांधा, किसणीच्या मागची पट्टी. दुपारी दोन ते संध्याकाळी साडेसात. उकळी हे काम नाहीच, ते शेवटचं अर्ध्या तासाचं आहे.

१८ मार्च

उकळी पुन्हा, या वेळी नीट. स्टीलचं सगळं पार पडलं. ॲल्युमिनियमचा कुकर मात्र बाहेर आला तो आतून काळाठिक्कर. घाबरलो. मुलगी म्हणाली की ॲल्युमिनियम नुसत्या पाण्यात बराच वेळ उकळलं की काळं पडतं, विष नाही. चिंचेच्या पाण्यात वीस मिनिटं उकळून बरंचसं गेलं. आधीच पाण्यात चिंचेचा गोळा टाकला असता तर हे झालं नसतं. गास्केट नवीनच घ्या, जुन्याच्या खाचा कितीही घासल्या तरी साफ होत नाहीत.

मोठ्या चिमट्याने भांडं धरलं तर चिमटा टेकतो तेवढी जागा कोरडी राहते. पाण्यातच पकड बदलायची. हे मला बाराव्या भांड्याला सुचलं. आधीची अकरा परत.

२० मार्च

मिक्सरचं भांडं. पात्याखालची चकती उघडली, आत लसूण-खोबऱ्याचा वाळलेला थर. ब्रशने साफ केला आणि उत्साहाच्या भरात पात्यासकट उकळीत टाकलं. दुसऱ्या दिवशी पातं फिरेना. आतलं वंगण धुऊन गेलं आणि बुश जाम. नवीन पात्याचा सेट २२० रुपये. पातं काढून फक्त भांडं उकळा.

२३ मार्च, रविवार

नवी भांडी घेतली: चार पातेली, दोन डाव, डझनभर चमचे, काचेचा जग. २,८५० रुपये. नवी धातूची आणि काचेची भांडी वापरण्याआधी मिक्वेत (धार्मिक स्नानाच्या कुंडात) किंवा समुद्रात बुडवायची असतात. ठाण्याची खाडी जवळ आहे, पण त्या पाण्यात मी पायही बुडवत नाही. म्हणून अलिबाग.

बुडवण्याआधी भांड्यावर काही चिकटलेलं चालत नाही. स्टिकर पाण्याने निघतो, गोंद राहतो. खोबरेल तेल लावून दहा मिनिटांनी पुसला. त्याच फडक्याने नवं कोरं पातेलं आतून पुसलं तर फडकं काळं झालं. कारखान्यातल्या पॉलिशचा काळा मळ. चार वेळा तेल, मग साबण, तेव्हा फडकं पांढरं राहिलं. नवं भांडं नुसतं विसळून दूध तापवणाऱ्या सगळ्यांनी एकदा हे करून बघा.

साडेअकराला किनाऱ्यावर पोचलो तर ओहोटी. पाणी लांब गेलेलं, मध्ये चिखल, घोडागाड्या कुलाब्याच्या किल्ल्याकडे निघालेल्या. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचं सुचलंच नव्हतं. चार वाजेपर्यंत शहाळी पीत बसलो. चमचे कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून बुडवले, म्हणजे पाणी सगळीकडून लागतं आणि लाट एकही नेत नाही. पातेली दोन बोटांनी सैल धरून. कंबरभर पाण्यात उभं राहून मोठ्याने बेराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, म्हणताना एका पोराने आईला विचारलं, "काका भांडी का धुतायत?" आई म्हणाली, "नवस असेल."

परतताना भांडी ओलीच पिशवीत राहिली. सकाळी चमच्यांवर गंजाचे ठिपके. खाऱ्या पाण्याचे थेंब स्टीलवर रात्रभर राहिले की असं होतं. सोबत गोड्या पाण्याचा कॅन न्या. खर्च १,९००, दिवस एक.

२५ ते २८ मार्च: कल्हई

रेवदंड्याच्या घरातून आलेले आजोबांचे दोन तांब्याचे टोप आणि तीन पितळी पातेली माळ्यावर होती. जुन्या लोकांत पेसाहआधी घराला चुना आणि भांड्यांना कल्हई ही ठरलेलीच. आत्याला मटण याच टोपात हवं होतं.

कल्हईवाला शोधण्यात दोन दिवस गेले. मिळाला तो म्हातारा, मुलगा हे काम करत नाही. पाच भांडी, प्रत्येकी ३५०. मुलीने बजावलं होतं की कथलात शिसं मिसळलेलं नाही ना ते बघा. कसं बघू? त्यालाच विचारलं. त्याने न रागावता कांडी माझ्या कानाजवळ धरून वाकवली. बारीक करकर ऐकू आली. "कथील रडतं," म्हणाला, "शिसं रडत नाही."

टोप भट्टीवर पालथा धरून तापवला, सांडशीने उलटा केला, नवसागराची चिमूट टाकली तशी पांढरा धूर आणि नाकात झोंबणारा वास. मग कांडी टेकवली. कथील २३२ अंशांना वितळतं, टोप त्याहून कितीतरी तापलेला होता, त्यामुळे टेकताक्षणी त्याचा थेंब झाला. कापसाच्या बोळ्याने त्याने तो थेंब भिंतीवरून गोल फिरवला आणि तांबडा टोप पाठोपाठ पांढरा होत गेला, जणू आतून चांदणं सारवतोय. मग पाण्यात, चर्र.

कल्हईच्या या आचेनेच भांडं कोशेर होतं की नाही, यावर मी वाद घालत बसलो नाही. आधी उकळी, मग कल्हई, मग पुन्हा उकळी. तिन्ही केलं.

आता चूक. कल्हई कुठे सुटली तर नाही, हे बघायला मी आजीच्या पद्धतीने त्यात ताक ठेवलं. रात्रभर. सकाळी एका टोपातलं कळकलेलं, हिरवट. बुडाशी टाचणीएवढं भोक राहिलं होतं. परीक्षा एकदम यशस्वी, फक्त तो मटणाचा टोप होता आणि मी त्यात ताक ठेवलं होतं. आत्या फोनवर काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "कोकम नव्हतं का घरात?" कल्हईवाल्याने भोक फुकट बुजवून दिलं. दोन्ही टोपांना चोवीस तास थांबून परत उकळी. परीक्षा कोकमाच्या पाण्याने करा.

३० मार्च

पाडवा. काम बंद. शेजारच्या काकूंनी श्रीखंड-पुरी पाठवली. खुणेचे निळे दोरे बांधलेले दुधाचे चमचे पहिल्यांदा वापरले. मटणाच्या दांड्यांना लाल दोरा बांधला होता, तो मुलीने काढायला लावला, दोऱ्यात पाणी मुरतं म्हणून. दोन्हीकडे आता नेलपॉलिशचा ठिपका, दांड्याच्या टोकाला.

२ एप्रिल: तांदूळ, मसाले

आमच्यात पेसाहला भात चालतो. अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या, घरांत चालत नाही. पण तांदळात गव्हाचा दाणा नको, म्हणून तीनदा निवडायचा. वाण्याकडे तांदळाशेजारी गव्हाचं पोतं असतं आणि माप एकच. पांढरी चादर घालून पाच किलो निवडले. पहिल्या फेरीत गव्हाचे दोन दाणे, एक खडा, सात टोके. दुसरीत एक दाणा. तिसरीत काही नाही, आणि तेव्हाच मला पटलं की पहिल्या दोन फेऱ्यांत मी नीट बघत होतो. एका बैठकीत तिन्ही फेऱ्या करू नका, डोळे थकतात. मी तीन संध्याकाळी केल्या.

पिठाच्या गिरणीत तांदूळ दळून आणायचा विचार होता. मुलगी म्हणाली की गव्हाची ॲलर्जी असलेली माणसंही याच कारणासाठी गिरणीत दळत नाहीत, जात्यात आधीचं पीठ राहतंच. घरी मिक्सरवर दळला, नव्या पात्याने. जाडसर झाला, चाललं.

हिंगाने मात्र फसवलं. डबीवरचं बारीक वाचलं: गव्हाचं पीठ. हिंग म्हणजे पीठ आणि डिंकच जास्त. म्हणून हिंग घातलेलं कैरीचं लोणचंही गेलं. बरणीचं तोंड फडक्याने बांधून माळ्यावर ठेवताना आजीची आठवण झाली. ती पेसाहला 'अनाशी ढाकायचा सण' म्हणायची, आंबट रसाचं भांडं झाकून ठेवायचा सण.

६ एप्रिल: मटण-कोंबडीला मीठ, तालीम

हझानांनी (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांनी) कापलेली कोंबडी मिळाली, पण मीठ लावणं घरी. अर्धा तास पाण्यात भिजवायची, एक तास मिठात ठेवायची, तीनदा धुवायची. कलेजी वेगळी, ती विस्तवावरच भाजायची. आणि हे कापल्यापासून ७२ तासांच्या आत.

पहिली तालीम दुपारी एकला. बारीक मीठ लावलं, पंधरा मिनिटांत विरघळून आत गेलं, रक्त तसंच. शिवाय परातीत ठेवल्यामुळे कोंबडी स्वतःच्याच पाण्यात बसलेली. ती खारट निघाली, मांजरानेही खाल्ली नाही. त्यात मुलीने भिंतीवरचा तापमापक दाखवला: ३५ अंश. ३२ च्या वर कच्चं मांस तासाभराहून जास्त बाहेर ठेवायचं नाही, आणि आपली रीत तर पावणेदोन तासांची आहे.

आणखी एक भांडण उरलं होतं. तिच्या पुस्तकात कच्ची कोंबडी धुऊच नये, शिंतोड्यांतून जंतू उडतात. आत्याच्या नियमात चार वेळा पाणी. म्हणून पातेल्यात बीट किसून घातलं, सिंकभोवती पांढरे कागद अंथरले आणि नेहमीसारखा नळ सोडला. लाल ठिपके दोन फुटांवरच्या डाळीच्या डब्यापर्यंत. मग पातेलं आधी भरून घेतलं, नळ बंद, कोंबडी पाण्याखालीच हलवली, पाणी कडेने ओतलं. ठिपके सिंकच्या आतच राहिले.

७ एप्रिल, सोमवार

पहाटे सहाला दुसरी तालीम. ओट्याशी २८ अंश. खडे मीठ खलबत्त्यात एकदोन ठोके देऊन भरड केलं: पूर्ण खडा घरंगळतो, बारीक विरघळतं. जाळीची टोपली, खाली तिरपं ताट, उतारावर वाटी. कोंबडीच्या पोटातही मीठ. वाटीत लालसर पाणी थेंब थेंब. साडेसात वाजून गेल्यावर मीठ निघालं, पावणेआठला चूल पेटली. एक तास पंचेचाळीस. टोपली, ताट, सिंक लगेच साबण आणि गरम पाण्याने. मिठाने रक्त निघतं, जंतू नाही. शिजल्यावर मुलीने मांडीत काटा खुपसला, ७८ अंश.

रात्री आत्या आली. बॅग ठेवायच्या आधी सिंककडे गेली. "घासण्या दोन?" दोन. "फडकी?"

फडकं एकच होतं. भांडी तीनदा उकळून मी ती एकाच ओल्या फडक्याने पुसत होतो. माझी मुलगी आणि माझी आत्या एकमेकींकडे बघून हसल्या, तीन आठवड्यांत पहिल्यांदा दोघींचं एकमत झालं. दुसऱ्या दिवशी सहा फडकी, दोन कापायचे बोर्ड, ६४० रुपये.

८ एप्रिल: ओटा

कडाप्प्याचा ओटा आणि स्टीलचं सिंक, दोन्हीवर उकळतं पाणी ओतायचं. चोवीस तास कोरडं ठेवलं, जेवण बाहेरून फळं आणि दही-पोहे. मी मोठं पातेलं एकदम ओतलं. पाणी कडेपर्यंत पोचेतो कोमट झालं, मग फरशीवर, मग माझ्या उजव्या पावलावर. फोड आलाय. ओट्याच्या सांध्यातलं पांढरं सिमेंट उकललं आणि खालच्या ड्रॉवरमध्ये पाणी. गवंडी ७०० रुपये. सांधा उघडला तेव्हा आत काय होतं ते कुकरच्या दांड्यासारखंच, फक्त झुरळाच्या अंड्यांसकट. बरं झालं उघडला.

दुरुस्ती वाळल्यावर किटलीने, हातभर तुकडा एका वेळी, पायात बूट घालून.

९ एप्रिल

मासळी. खवले आणि पर असलेलीच. पापलेट, रावस ठीक. मुशी, पाकट, शिंगाळा नाही. आमच्या लोकांना धर्म पुन्हा शिकवला असं मानतात त्या दावीद रहाबीने आपल्याला याच खुणेवरून ज्यू म्हणून ओळखलं, असं घरोघरी सांगतात: बायकांनी टोपलीतले बिनखवल्याचे मासे बाजूला काढले. मी मात्र सोललेले तुकडे बघून थांबलो, कारण खवलं न बघता घ्यायचं नाही. अख्खा रावस घेतला. कोळीणमावशीच्या कोयत्याला कोळंबीचं टरफल चिकटलेलं होतं.

"मावशी, कोयता जरा धुऊन घ्या ना."

"काय रे, सोवळं पाळतोस काय?"

"तसंच काहीसं."

तिने धुतला, पण त्याच बादलीतल्या पाण्यात. मासा अख्खाच घरी आणला आणि स्वतः कापला. दीड तास. खवले अजून खिडकीच्या गजाला चिकटलेत.

१० ते १२ एप्रिल

यंदा सणाची आदली तारीख शब्बाथला आली, म्हणून सगळं एक दिवस आधी. गुरुवारी रात्री मेणबत्ती घेऊन खमिराचा शोध. फ्रिजच्या रबराच्या घडीत पावाचा चुरा सापडला, तो ना उकळीत आला होता ना माझ्या यादीत. शुक्रवारी सकाळी जाळला. शनिवारी सकाळी लवकर बाल्कनीत वर्तमानपत्रावर शेवटचा पाव खाल्ला, कागद झटकून चुरा फ्लश केला. रात्री सेडर, पेसाहचं विधीचं जेवण. लेट्यूसचं पान न् पान आत्याने दिव्यासमोर धरलं. तीन पानं परत गेली. मनुकांचा शरबत, खजुराचा शिरा, टोपातलं मटण नारळाच्या दुधात. कळकलं नाही.

२१ एप्रिल

आठ दिवस संपले. आत्याचे इस्राएलच्या हिशेबाने सातच, पण आमच्या घरात तिनेही आठवा दिवस गुपचूप पाळला. पेसाहची भांडी जुन्या साडीत बांधून माळ्यावर, वर चिठ्ठी: काय उकळलं, कोणत्या टोपाला कल्हईचं ठिगळ आहे.

खर्च: तवा ३८०, पातं २२०, नवी भांडी २,८५०, अलिबाग १,९००, कल्हई १,७५०, गवंडी ७००, बोर्ड-फडकी ६४०, जादा सिलिंडर ८००. एकूण ९,२४०. वेळ मोजला नाही, पण माझ्या सहा सुट्ट्या गेल्या आणि पावलावरचा डाग अजून आहे.

लोणच्याची बरणी खाली काढली. फडकं सोडलं, वर तेल चार बोटं होतं, बुरशी नाही. आत्याने वास घेतला आणि चमचा मागितला. मी निळा ठिपका बघून दिला, तिने परत केला. म्हणाली, लोणच्याला वेगळा ठेव.